पाच टाचण्यांची बाई

लोकशाहीत प्रत्येक माणसाचं मोल सारखंच असतं. थोरामोठ्यांनी हे इतक्या वेळा सांगितलंय की ते खरंच असणार. फक्त नागरिक समितीच्या खोलीत, लोखंडी कपाटाशेजारी जो पुठ्ठ्याचा तक्ता टांगलेला होता, त्यात अध्यक्षांच्या नावावर एकही टाचणी नव्हती आणि मधलीच्या नावावर पाच होत्या.

मधली म्हणजे घरातल्या तीन सुनांमधली मधली. सासूने पहिल्या दिवशी ठेवलेलं हे नाव पुढे जिन्यावर, वाण्याकडे आणि शेवटी हॉस्पिटलच्या धुलाईघरातही पोचलं. तिथे ती सोळा वर्षं गरम रोलरवर होती. ओल्या चादरीची दोन टोकं पकडायची, ताणायची, रोलरच्या तोंडी द्यायची आणि पलीकडून ती कागदासारखी सपाट बाहेर आली की पुढची घ्यायची. सकाळी सहा ते दुपारी दोन. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी असायचा आणि त्यातले दोन झोपून काढायचा. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी होती. घरी सासू आणि ती, दोन भाड्याच्या खोल्यांत.

समितीत ती गेली ती गटाराच्या झाकणासाठी. इमारतीसमोरचं झाकण फुटलं होतं आणि सासूचा पाय त्यात जाता जाता वाचला होता. कुणीतरी सांगितलं, नागरिक समितीकडे जा. ती कामावरून तशीच गेली. खोलीत एक निवृत्त गणिताचे मास्तर एकटेच तक्त्यासमोर उभे होते, परीक्षेत नापास होऊ घातलेल्या मुलाच्या चेहऱ्याने.

झालं होतं असं, की समिती अकरा जणांची असावी आणि ती वस्तीचा आरसा असावी, असा वरून आदेश आला होता. वस्तीत जितक्या बायका तितक्या प्रमाणात समितीत बायका, जितके भाडेकरू तितके भाडेकरू, जितके शाळेपुरतं शिकलेले तितके ते. दहा माणसं एका आठवड्यात मिळाली होती. सगळी पदवीधर, सगळी घरमालक, बहुतेक साठीच्या पुढची, आणि सगळ्यांना बोलायला भरपूर वेळ. आरशात बघावं तर एकच म्हातारा दहादा दिसत होता. चारदा बाईच्या वेशात.

मास्तरांनी मधलीला बसायला खुर्ची दिली आणि पाच प्रश्न विचारले. वय? बेचाळीस. शिक्षण? दहावी. घर स्वतःचं की भाड्याचं? भाड्याचं. काम? पाळीचं. पाचवा प्रश्न त्यांनी विचारला नाही, नुसतं पाहून लिहिलं. प्रत्येक उत्तराला मास्तरांचा चेहरा उजळत गेला. मधलीला वाटलं, झाकणाचा अर्ज भरतायत. तिने सही केली. मास्तरांनी तक्त्यावर पाच लाल टाचण्या टोचल्या, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि डोळे पुसले.

झाकणाचं काय, असं तिने निघताना विचारलं. ते म्हणाले, आता तुम्ही सदस्यच आहात, तुम्हीच मांडा.

तिने मांडलं. अध्यक्ष निवृत्त अभियंते होते, आयुष्यभर पूल बांधलेले. त्यांनी तिला समजावून सांगितलं की झाकण ही कार्यवाहीची बाब आहे. समिती धोरण ठरवते. मग झाकणांविषयीच्या धोरणावर तीन मंगळवार चर्चा झाली. दरम्यान सासूने त्या भोकावर जुना पाट टाकला. तो अजून आहे.

समिती दर मंगळवारी तीनला भरायची. दर आठवड्याला भेटावं इतकं बोलायचं शिल्लक असलेली माणसं निवृत्तांमध्येच सापडतात. मधली दोनला सुटायची, हातपाय धुवायची आणि उभ्याने डबा खाऊन तीनच्या ठोक्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. तिथे वारा यायचा. रोलरजवळ आठ तास उभं राहिलेल्या बाईला वारा आणि खुर्ची एकत्र मिळाली की झोप लागते, आणि समितीने कधी तक्रार केली नाही. तिचं मत दर दोन-तीन आठवड्यांनी विचारलं जायचं. अध्यक्ष चष्मा काढून म्हणायचे, 'तुम्हा लोकांना याबद्दल काय वाटतं?' तुम्हा लोकांना म्हणजे नक्की कोणाला, हे पहिले सहा महिने तिला कळलं नाही. नंतर कळलं की पाच टाचण्या ज्यांच्या ज्यांच्या आहेत त्या सगळ्यांना. ती म्हणायची, ठीक वाटतं. मास्तर लिहून घ्यायचे: महिला, भाडेकरू, कामगार, अल्पशिक्षित व पंचेचाळिशीच्या आतील नागरिकांचा पाठिंबा.

अशी दोन वर्षं गेली. कोणाचं काही बिघडत नव्हतं.

मग धुलाईघरातल्या मुकादमबाई निवृत्त व्हायची वेळ आली. त्यांनी मधलीला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. या खोलीत पंखा होता, टेबल होतं आणि गादीची खुर्ची होती. मधलीने सोळा वर्षं ती खुर्ची काचेतूनच पाहिली होती. मुकादमबाई म्हणाल्या, वर तुझं नाव सांगितलंय, त्यांना मान्य आहे. वेळ तीच, सहा ते दोन. फक्त मंगळवारी सहापर्यंत थांबायचं. मंगळवारी ऑपरेशन विभागाचा आठवड्याचा सगळा माल जातो, हिरवे कपडे मोजून सही मुकादमाचीच लागते, दुसऱ्या कोणाची चालत नाही. महिनाअखेरपर्यंत हो म्हण.

मधलीचे तळहात रोलरच्या वाफेने इतकी वर्षं शेकून शेकून बोटांच्या ठशांचं काही उरलं नव्हतं. हजेरीचं नवीन यंत्र तिचं बोट ओळखत नसे. तिच्यापुरती वही ठेवलेली होती. डॉक्टर म्हणाला होता, आणखी दोन-तीन वर्षं हेच केलंत तर सुई ओवता येणार नाही. सुई जाऊ दे, मधलीला आता सकाळी भांड्याचं झाकणही नीट धरवत नव्हतं. तिने सासूला सांगितलं. सासू म्हणाली, 'मग मंगळवारच्या त्या म्हाताऱ्यांना सांग, बाई मेली म्हणून.'

मेली असं नाही, पण सोडते असं तिने मास्तरांना सांगितलं. मास्तर खुर्चीत बसले. मग उठले, पाणी प्याले आणि पुन्हा बसले. ते वाईट माणूस नव्हते. पण चाळीस वर्षं बेरजा तपासलेल्या माणसाला तक्ता चुकलेला बघवत नाही. त्यांनी नियमांची पुस्तिका काढून वाचून दाखवली. सदस्याला जाता येतं, पण त्याच वर्णनाचा दुसरा सदस्य देऊन. तसा न दिल्यास समिती अप्रातिनिधिक ठरते. एकदा ठरली की तिचे सगळे प्रलंबित प्रस्ताव रद्द होतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

'प्रस्ताव कसले?' मधलीने विचारलं.

'एकच आहे तसा,' मास्तर म्हणाले. 'शाळेसमोरचा सिग्नल.'

इथे घोडं अडलं. शाळेसमोरचा रस्ता चार पदरी होता आणि वस्तीतली निम्मी पोरं तो रोज पळत ओलांडायची. त्यात धाकट्या जावेच्या दोन मुली होत्या. सिग्नलचा कागद दीड वर्षात सात टेबलं चढला होता, आठवं शेवटचं. इमारतीतल्या बायकांना हे सगळं ठाऊक होतं, कारण मधलीनेच एकदा भाव खात सांगितलं होतं. आता तिच्यामुळे तो कागद पहिल्या टेबलावर आला तर जिन्यातून तिला वर चढू दिलं नसतं.

म्हणून ती माणूस शोधायला निघाली. तसं बघितलं तर सोपं होतं. तिच्यासारख्या बायका धुलाईघरात ढिगाने होत्या.

पहिली, रोलरच्या दुसऱ्या टोकाला चादर धरणारी लांबडी. वय चाळीस, शाळा नववीपर्यंत, घर भाड्याचं, काम तेच. सगळं जुळलं. पण लांबडीला अडीचला एक मूल शाळेतून आणायचं असतं, साडेतीनला दुसरं, आणि मधल्या तासात सासऱ्यांना औषध. लांबडी म्हणाली, मंगळवारी तीनला मी एकाच ठिकाणी बसू शकले असते तर मी नक्की काहीतरी दुसरं केलं असतं. काय, ते तिलाही सुचेना. इतका वेळ मोकळा असण्याची सवय नव्हती.

मग धाकटी जाऊ. तिला निदान सिग्नलची कळकळ होती. पण धाकट्या दिराने गेल्याच वर्षी कर्ज काढून घर घेतलं होतं. मास्तरांनी मान हलवली. घरमालक आधीच दहा आहेत. धाकटी म्हणाली, घर बँकेचं आहे, आमच्या नावावर फक्त हप्ते आहेत. मास्तर म्हणाले, तक्त्यात बँकेसाठी खाना नाही.

वरच्या मजल्यावरच्या परिचारिकेने तीन वर्षांचा अभ्यासक्रम केलेला निघाला. शिक्षण जास्त. पॅकिंगमधल्या एका बाईने अट घातली की मी येईन, पण तिथे कोणी मला काही विचारायचं नाही. मास्तर या अटीला आनंदाने तयार झाले. मग तिचं वय अठ्ठेचाळीस निघालं. चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि मधलीने हे सांगितल्यावर ती बाई आठवडाभर खूश होती. शेवटी गठ्ठे बांधणारी एक अगदी मापात बसणारी सापडली. पाचही खाने, मुलं मोठी, मंगळवार मोकळा. मधलीचा जीव भांड्यात पडला. तिने मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी कागद तयार केले. तर पुढच्या मंगळवारपर्यंत त्या बाईच्या मालकाने भाडं वाढवलं आणि ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. दोन गल्ल्या पलीकडे दुसरी समिती होती. तिथल्या मास्तरांनी म्हणे तिला दारातच पकडलं.

या धावपळीत तीन आठवडे गेले आणि मधलीला एक गोष्ट समजली, जी अध्यक्षांना दोन वर्षांत समजली नव्हती. ज्या बायका तक्त्यात बसत होत्या त्यांना यायला जमत नव्हतं, आणि ज्या कारणांनी त्या तक्त्यात बसत होत्या त्याच कारणांनी जमत नव्हतं. तिला एकटीला जमलं ते नवरा रस्त्यावर आणि मुलगी परगावी म्हणून. नागरिक म्हणून तिच्यात विशेष काही नव्हतं. तिची फक्त कोणी वाट बघत नव्हतं. सासू बघायची, पण सासू भाडेकरू असली तरी वयाने बाद होती.

महिनाअखेर आठ दिवसांवर आली तेव्हा तिला एकदम आठवलं की परवा तिला पंचेचाळिसावं लागतंय... लागतंय काय, पुरी पंचेचाळीस होतायत. तिचा खाना पस्तीस ते चव्वेचाळीस असा होता. म्हणजे आपोआपच सुटका. ती शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मास्तरांकडे गेली. दाखल्याला घडीवर चिकटपट्टी लावलेली होती. मास्तरांनी तो दोनदा वाचला, तारीख बोटांवर मोजली आणि मग अतिशय हळू आवाजात सांगितलं की वय नेमणुकीच्या दिवशीचं धरतात. मुदत तीन वर्षांची. समितीत माणसाचं वय तीन वर्षं वाढत नाही.

'मास्तर,' ती म्हणाली, 'माझं वाढतंय.'

'तक्त्यात नाही, ताई.'

मग राहिला एकच मार्ग: बैठकीचा वार बदला. मंगळवार सोडून कोणताही. तिने दोन वर्षांत पहिल्यांदाच स्वतःहून हात वर केला. अध्यक्षांनी चष्मा काढला. कोपऱ्यातल्या निवृत्त प्राध्यापिकाबाई कौतुकाने म्हणाल्या की बघा, सहभाग कसा वाढतो. मधलीने उभं राहून सांगितलं. मुकादमपद, ऑपरेशनचे कपडे, सही. तळहातही दाखवले. प्राध्यापिकाबाईंनी जवळ येऊन ते पाहिले आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. एकाने ठराव मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं.

मास्तरांनी पुस्तिका उघडली. ज्या सदस्याच्या हितासाठी ठराव आहे त्याला त्यावर मत देता येत नाही. त्या ठरावापुरता तो गैरहजर समजावा. मधली गैरहजर समजली की खोलीत पाच खाने रिकामे. पाच खाने रिकामे असताना समिती वैध नाही. वैध नसलेल्या समितीला वार बदलता येत नाही. मास्तरांनी हे दोनदा समजावलं, फळ्यावर समीकरण सोडवावं तसं, आणि दुसऱ्यांदा त्यांचा स्वतःचा आवाज बसला. अध्यक्ष म्हणाले, दिनदर्शिका एकमताने मंजूर होऊन छापलेली आहे, तिच्याशी खेळणं बरं नाही. मात्र मधलीबाईंनी ज्या तळमळीने मुद्दा मांडला तिची नोंद घ्यावी. नोंद घेतली गेली. मधली खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. त्या दिवशी तिला झोप लागली नाही.

नवऱ्याला तिने फोनवर सांगितलं तेव्हा तो कुठल्याशा वजनकाट्याच्या रांगेत उभा होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, नाहीच गेलीस तर पोलीस येतात का? ती म्हणाली, नाही. मग? ती म्हणाली, पोरी रस्ता ओलांडतात. मागून हॉर्न वाजायला लागले, तेव्हा बघ तुझं तू, म्हणून त्याने ठेवला.

शनिवारी महिना संपला. दोन वाजता मुकादमबाईंनी काचेतूनच हात केला. मधली आत जाऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. एकदा त्या खुर्चीत बसलं की उठवणार नाही हे तिला माहीत होतं.

'मंगळवारचं मला जमणार नाही,' ती म्हणाली.

'असतं काय गं एवढं मंगळवारी?'

'समिती असते. मी प्रतिनिधी आहे.'

'कोणाची?'

मधलीने जरा विचार केला. 'बायकांची. भाड्याने राहणाऱ्यांची. पाळीत काम करणाऱ्यांची. फार न शिकलेल्यांची.'

मुकादमबाईंनी काचेपलीकडे पाहिलं. तिथे पहिली पाळी सुटत होती आणि दुसरी चढत होती. साठ-सत्तर बायका एकमेकींच्या अंगावरून जात डोक्याला फडकी बांधत होत्या, सोडत होत्या.

'म्हणजे यांची,' त्या म्हणाल्या. 'यांना ठाऊक आहे का?'

'नाही.'

'मग आता यांना मी काय सांगू? तुमच्यासाठी तिने तुमची मुकादमकी सोडली म्हणून?'

मुकादमबाईंनी यादीवर रेघ मारली आणि खालचं नाव वाचलं. ते चश्मिष्टीचं होतं, कपडे वेगळे करणाऱ्या टेबलावरची. पाचच वर्षं झालेली, पण हिशेबाला चोख आणि मंगळवारी मोकळी. मुकादमबाई म्हणाल्या, वाईट नाही ती. मधली म्हणाली, नाही, चांगली आहे. सोमवारी चश्मिष्टीने पेढेवाटपाच्या ऐवजी सगळ्यांना एकेक लिमलेटची गोळी दिली, आणि मधलीला दोन दिल्या. मधलीने एक तोंडात टाकली, एक सासूसाठी ठेवली आणि चादरीची दोन टोकं पकडली. पलीकडून लांबडी म्हणाली, 'ताण की. सुरकुती पडतेय.' तिने ताणली.

मंगळवारी ती दोनला सुटली, हातपाय धुतले, उभ्याने डबा खाल्ला आणि तीनच्या ठोक्याला समितीच्या दारात पोचली. दाराला कुलूप होतं. आधी तिला वाटलं आपण लवकर आलो. मग वाटलं उशिरा आलो. जिन्याखाली शिपाई स्टुलावर पाय सोडून बसला होता. तिला बघून तो उठला आणि म्हणाला, 'तुम्हाला मास्तरांचा फोन नाही आला?'

फोन आठ तास लॉकरमध्ये होता. तिने काढून पाहिला. मास्तरांचे तीन कॉल येऊन गेले होते.

'बैठक आता गुरुवारी,' शिपाई म्हणाला. 'इथून पुढे दर गुरुवारी.'

'ठराव कधी झाला?'

'ठराव कसला? अध्यक्षांनी आपल्या अधिकारात केलंय.' शिपायाने दारावरचा कागद दाखवला. त्यावर वैद्यकीय कारणास्तव असं लिहिलं होतं, शिक्का होता आणि सही होती.

'बरं नाही का त्यांना?'

'बरे आहेत,' शिपाई म्हणाला. 'दाढा बसवून घेतायत. दातांचे डॉक्टर मंगळवारीच येतात.'